सारवलेली भिंत

कुंडलजवळच्या वस्तीवर केरबाला नावानं फारसं कुणी ओळखत नसे. सगळे त्याला 'हिवतापवाला' म्हणत. सरकारी पिशवीत काचपट्ट्या, सुया आणि कडू गोळ्या घेऊन तो दर पंधरवड्याला दारोदार फिरायचा. कुणाला ताप असला की बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, दारामागच्या भिंतीवर तारीख लिहायचा. "डासापरास तूच आमचं रगत लय पितूस, गड्या," अशी लोक चेष्टा करत. तो हसून सोडून देई.

त्याचं खरं वैर शेणाच्या सारवणाशी. फवारणीवाले भिंतींवर औषध मारून गेले की आठवड्याच्या आत बायका त्यावर पोतेरं फिरवत. औषध सारवणाखाली गेलं की डासाला रान मोकळं, हे तो घसा कोरडा पडेस्तोवर सांगे. पालथ्या घड्यावर पाणी.

पंच्याहत्तर सालच्या पावसाळ्यात त्याची थोरली अंजना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातव्यात ओटी भरायचं ठरलं. भिंतींवर नुकत्याच झालेल्या फवारणीचे पांढरे ओघळ होते.

"आवं, ईहीनबाई येनार," बायको भामाबाई म्हणाली. "असल्या भितीम्होरं लेकीची वटी भरायची व्हय?"

"सारवू नगं."

"एकडाव सारवलं तर काय हुतंय?"

लेकीच्या हौशी तोंडाकडं बघून केरबा पिशवी खांद्याला अडकवून बाहेर पडला. घर सारवलं गेलं, ओटी झोकात भरली.

पंधरा-वीस दिवसांनी अंजनाला हुडहुडी भरली. हजारो बोटं टोचलेल्या केरबानं त्या दिवशी लेकीचं बोट टोचलं. गोळ्या दिल्या, बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं. पोर वाचली. पोटातला मुलगा मेलेलाच जन्मला. भामाबाई स्वतःला बोल लावत रडत राहिली. केरबाला तिचं रडणं सोसेना. सारवल्यानं काय होतं हे तिला नीट ठाऊक नव्हतं. त्याला सगळं ठाऊक होतं.

अंजनाच्या रक्तात हिवताप निघाल्याची चिठ्ठी त्यानंतर आली. चिठ्ठ्या घरोघर पोचवणं त्याचंच काम. ही त्यानं स्वतःच्या घरी पोचवली आणि आढ्याला खोचून ठेवली.

दिवाळी तोंडावर आली तशी वस्तीत सारवणं निघाली. शेजारच्या बनाबाईच्या दारात शेणाची पाटी कालवून तयार होती. केरबा उंबऱ्याशी थांबला.

"भिती सारवू नगंस, आक्का."

"का? सायबाचा हुकूम हाय?"

"न्हाई," केरबा म्हणाला. "आमी सारवल्या व्हत्या."

बनाबाईनं पाटी उचलली आणि परसात नेऊन ओतली.