निवडुंगाशेजारचा पालक

अन्याय झाला तो देवकाबाईंवर. दोन वर्षांपूर्वी, होळीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी. करणारा मी.

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, पाण्यासाठी लढणाऱ्या आमच्या संघटनेतल्या सोबत्यांना तर नाहीच. मी पत्रकं लिहितो. कुणी पाणी अडवलं, कुणी डोळे मिटले, कुणी गप्प बसलं, सगळं नावानिशी, ठळक अक्षरांत छापतो. मग हेच एक का राहिलं? कारण यात नाव माझं आहे. दुसरं कारण शोधू नका, मीही शोधलं नाही.

आमचं गाव आमगाव तालुक्यातलं. जुन्या लोकांनी बांधलेला तलाव आहे. त्याचा पाट धानाच्या बांध्यांमधून उतरत शेवटी बायकांच्या गटाच्या भाजीच्या तुकड्यापर्यंत येतो. येतो म्हणजे, यायला हवा. वरचे लोक उन्हाळी धान लावतात, पाणी तिथेच जिरतं, आणि बहुतेक पाळ्यांना टोकाला पोचते ती नुसती ओल. आमची लढाई याविरुद्ध होती आणि ती खरी होती. मी खऱ्या गोष्टीसाठी खोटं बोललो. त्याने काही हलकं होतं का? मला तरी झालेलं नाही.

पाण्याची वाटणी पाळीने होते. ज्याची पाळी, त्याने वेळेवर हजर राहायचं, आपल्या वाफ्याच्या तोंडाशी थापलेली माती फोडायची आणि पाणी आत घ्यायचं. दुसऱ्याच्या मातीला त्याने सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. पाळी चुकवली तर पाणी नाल्याला निघून जातं, आणि त्याबरोबर माणसाचं नावही. आमच्याकडे भांडखोर माणसाला लोक सांभाळून घेतात. पाळी चुकवणाऱ्याला नाही.

त्या वर्षी मी एक पत्रक ठरवलं होतं. मथळा — ‘आम्ही निवडुंग नाही’. कल्पना चांगली होती, आजही मला ती चांगली वाटते, हेही कबूल करून टाकतो. निवडुंगाला रेताड माती पुरते. मुळाशी पाणी साचलं तर तो उलट सडतो. त्याच्या पानांचे काटे झालेले, पाणी जाड खोडात साठवलेलं, मालक महिनाभर फिरकला नाही तरी त्याचं काही अडत नाही. पालकाचं सगळं उलटं. पान रुंद, मूळ उथळ, साठवण शून्य. त्याला शेणखत घातलेली भुसभुशीत माती हवी, सतत ओल हवी, आणि फाल्गुनाच्या उन्हात दुपारची थोडी सावली मिळाली तर बरं. दोन दिवस पाणी नाही मिळालं की तो मान टाकतो. पाणी वाटणाऱ्यांनी टोकाच्या बायकांना निवडुंग समजून वाटणी केली आहे, असं मी लिहिलं. यात खोटं काय होतं? एक अक्षर नाही.

खोटा होता तो फोटो.

गोंदियाहून मी निवडुंगाची कुंडी आणली आणि देवकाबाईंच्या वाफ्याशेजारी ठेवली. गटात त्यांचाच पालक सगळ्यांत चांगला, म्हणून. फोटो काढला, छापखान्यात नेला. तिथला पोरगा मोबाइल हातात घेऊन हसायलाच लागला. “भैया, ये तो एकदम हरी-भरी है. इसको पानी की क्या कमी?”

कमी होतीच. पण देवकाबाई सकाळ-संध्याकाळ बोअरवरून हंड्याने पाणी आणून वाफ्यात घालत होत्या. मी ते रोज पाहत होतो. खरा पुरावा तोच नव्हता का? डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईचा फोटो काढायला काय हरकत होती? पण माझा मथळा ठरून गेला होता, आणि मथळ्याला सुकलेलं पान पाहिजे होतं. माणसाच्या कष्टाने माझं पत्रक बिघडत होतं. हे वाक्य लिहून पाहिल्यावर कळतं मी कसा होतो.

होळीच्या आदल्या सकाळी त्या माझ्या दाराशी आल्या. पिशवी हातात, चपलेचा पट्टा सुटलेला.

“बाबू, पोरीले कळा लागल्या, मी आमगावले जाऊन राहिली. दुपारी आपली पाळी हाये. तेवढी माती फोडून देजो.”

“जा ना मामी,” मी म्हटलं. “मी आहो.”

दुपारी मी पाटावर गेलो. गेलो, हे लक्षात घ्या. विसरलो नव्हतो, झोपलो नव्हतो. पाणी आलं, त्यांच्या वाफ्याच्या तोंडाशी थबकल्यासारखं झालं, आणि पुढे नाल्याकडे वळलं. मातीचा थर हाताएवढा. पायाने ढकलला असता तरी फुटला असता. मी उभा राहिलो. पूर्ण पाणी जाईपर्यंत उभा राहिलो. काही करावं लागलंच नाही — हेच त्यात सोपं होतं.

त्या आमगावला, म्हणून हंडेही नाहीत. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी तालुक्याचे साहेब पाहणीला आले तेव्हा पालक जमिनीला चिकटला होता आणि शेजारी निवडुंग टवटवीत. फोटो हवा तसा आला. पत्रक गावोगाव गेलं. साहेब दचकले, टोकाला जास्तीची पाळी मिळाली. लोकांनी माझी पाठ थोपटली, आणि मी थोपटू दिली.

पण वरचे लोक काही दुधखुळे नव्हते. पाळीच्या बैठकीत त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने विचारलंच. “पाणी आलतं तवा ही बाई कोठी होती? पाळी सोडायची, अन् साहेबाले सुकली भाजी दाखवायची. मस्त धंदा हाये तुमचा.”

गट घाबरला. मिळालेली पाळी परत जाईल की काय, असं झालं. देवकाबाई उठल्या. नुकत्याच आजी झालेल्या, डोळे अजून जागरणाने लाल. म्हणाल्या, “मी तं बाबूले सांगून गेलती.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं बोललो असतो तर फोटो खोटा ठरला असता, पत्रक खोटं ठरलं असतं, आणि मी? मी जे बोललो ते असं — “मामी, तुम्ही घाईत होत्या. मला नाही सांगितलं.” किती हळू बोललो. किती आदराने.

त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग खाली बघितलं. “असन बाबू. पोरीच्या नादात मीच विसरली असन.”

समजलं का मी काय केलं? पाणी घेतलं ते घेतलंच. त्यांच्या स्वतःच्या आठवणीवरचा भरवसाही घेतला. आजही त्यांना वाटतं की चूक त्यांचीच. मी विश्वासघात केला हे त्यांना माहीतच नाही, म्हणून भेटल्या की अजूनही चहा विचारतात.

गटातल्या बायका म्हणाल्या, या एका बाईपायी सगळ्यांचं नाक कापलं. त्यांचा वाफा दुसरीला दिला गेला. ज्या जागेत त्यांनी हंड्याने पालक जगवला, तिथे त्या आता दुसरीची भाजी खुडायला रोजीने जातात. या वर्षी जागा वाटताना त्यांनी पुन्हा विचारलं, एकच वाफा, कोपऱ्यातला असला तरी चालेल. कुणीतरी म्हणालं, “तुले देऊन काय करायचं, पाळी तं तुह्या ध्यानात राहत नाही.” बायका हसल्या. त्याही हसल्या. आणि मी त्या बैठकीचा अध्यक्ष होतो — पुढच्या विषयावर गेलो.

दोनदा खरं दाबलं. पहिल्यांदा भीती होती असं म्हणता येईल. दुसऱ्यांदा तर तीही नव्हती, नुसती सवय.

हे पत्रक गावात तुमच्या हातात पडेपर्यंत मी देवकाबाईंच्या घरी जाऊन त्यांना सांगितलेलं असेल. पण घरात सांगून भागत नाही. खोटं मी चारचौघांत बोललो होतो. माफी मी मागत नाही, ती द्यायची की नाही हा त्यांचा प्रश्न, तुमचा नाही. तुमच्याकडे काम वेगळं आहे.

पाळीच्या पुढच्या बैठकीला या. हे सगळं पहिल्यापासून मोठ्याने वाचा, देवकाबाई समोर असताना, मीही समोर असताना. आणि मी मध्येच काही समजावून सांगायला उठलो, तर मला खाली बसवा.