चार अंदाज, चारही बरोबर

सेवेतल्या बऱ्याच तपासांचे तपशील आता पुसट झाले आहेत. पण दोन मोबाइल टेबलावर शेजारी ठेवले, तो क्षण अजून लख्ख आठवतो.

मी तेव्हा मलकापूरकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. गावात एका 'सरां'ची चर्चा होती. लोक पुढे कशात पैसा ओततील, कशाचे भाव फुग्यासारखे फुगतील, हे त्यांना आधीच कळतं म्हणे. दर सोमवारी मोबाइलवर त्यांचा अंदाज यायचा: चांदी चढेल, डिजिटल नाणं पडेल. आमच्या जमादारांना चार आठवडे चार अंदाज आले, चारही खरे ठरले. रविवारी सर मंगल कार्यालयात पुढच्या फुग्याचं नाव जाहीर करून तिथेच पैसे स्वीकारणार होते. जमादारांनी रजेचा अर्जही टाकला होता. खरं सांगतो, उत्सुकता मलाही होती.

शनिवारी सकाळची हजेरी आटोपली आणि नांदुऱ्याहून एक निवृत्त शिक्षिका आल्या.

"साहेब, प्लॉट विकून उद्या पैसे भरून राह्यली मी. पण एक गोष्ट समजून नाही राह्यली. मले चारही अंदाज बरोबर आले. माह्या बहिणीले पहिलाच चुकीचा आला, मंग येनंच बंद झालं. काऊन?"

बहिणीचा मोबाइल त्यांनी सोबत आणला होता. तारीख एक, वेळ एक. एकावर 'चांदी चढेल', दुसऱ्यावर 'चांदी पडेल'.

मी खुर्चीतून उठलोच. जमादारांना बोलावलं. त्यांनी दोन्ही संदेश वाचले आणि कपाळावर हात मारला. "म्हंजे साहेब, आपुन नुसते उरलेलो!"

बाईंचा जबाब घेतला, स्टेशन डायरीत नोंद केली. रविवारी पंचांना घेऊन साध्या कपड्यांत कार्यालय गाठलं. पैसे घेणं सुरू होण्याआधीच सरांना मंचावरून उतरवलं. गर्दी आमच्यावरच खवळली. मागून एक जण ओरडला, "नाव तं सांगू द्या बे, मंग न्या त्याले!"

ठाण्यात सर शांत होते. "अंदाज चुकणं गुन्हा आहे का, साहेब?"

मी दोन्ही मोबाइल पुढे सरकवले. शेजारी त्यांचा जप्त केलेला लॅपटॉप होता, त्यात नावांच्या याद्या. सरांनी एकदा याद्यांकडे पाहिलं. मग ते बोलले.

"अर्ध्यांना चढेल, अर्ध्यांना पडेल. चुकले ते गाळायचे. उरलेल्यांचे पुन्हा दोन भाग."

जमादारांना राहवलं नाही. "अन् पुढचा फुगा? तो कशाचा होता?"

"ठरवलंच नव्हतं. आधी लोकांनाच विचारणार होतो. जास्त जण ज्याचं नाव घेतील, तेच सांगायचं."

बाईंचा प्लॉट वाचला. दोषारोपपत्र गेलं आणि पुढे शिक्षाही झाली.

पोलिसाला समोर असलेला पुरावा पाहायची सवय असते. जे समोर आलेच नाहीत त्यांचा विचार करायला मी या प्रकरणात शिकलो. खरे ठरलेले अंदाज गावभर मिरवत होते. खोटे ठरलेले ज्यांच्याकडे होते, ते स्वतःचं नशीब फुटकं समजून घरी गप्प बसले होते.