कौतुक नको असलेल्या अनुराधाताई

कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत अनुराधाताईंकडे कुणी सहज म्हणून जात नसे. गेलंच, तर त्या विचारायच्या, "काम?" वीज खात्यात इंजिनिअर म्हणून नोकरी झालेली, लग्न केलेलं नाही, आणि गोड बोलणाऱ्यांबद्दल मनात कायमचा संशय. मी शेजारीण, म्हणून मला चहा मिळे. साखर विचारली जात नसे.

फुप्फुसं निकामी झाली तेव्हा त्यांच्यावर प्रत्यारोपण झालं. नवी फुप्फुसं उत्तम चालू लागली, पण शस्त्रक्रियेत एक नस दुखावली आणि छाती-पोटामधला पडदा, म्हणजे श्वासाचा मुख्य स्नायूच, नीट हलेना. व्हेंटिलेटर सुटायला कित्येक आठवडे गेले. घरी आल्या त्या मास्कच्या मशीनसकट. पाठीवर पडलं की घुसमटायचं, म्हणून खुर्चीत बसूनच झोप. एका श्वासात तीन-चार शब्द मावत. टोमणे तेवढ्यात बसवायला त्या लवकर शिकल्या.

"बल्ब नवा बसवला," त्या मला म्हणाल्या. "वायर दुखावली."

"नस बरी होईल ना?"

"डॉक्टर म्हणतात, बघू. म्हणजे... त्यांनाही माहीत नाही."

भेटायला येणारे सल्ल्यांचे डबे भरून आणत. एका बाईंनी सकारात्मक विचार करायला सांगितलं. "स्नायूला विचार... कळत नाहीत," ताई म्हणाल्या.

सोसायटीचे अध्यक्ष जोगळेकर यांनी तर सत्कारच ठरवला. 'मृत्यूवर मात' असा फलक छापून घेतला. त्यावर ताईंपेक्षा जोगळेकरच मोठे दिसत होते. शाल घेऊन ते घरी आले.

"ताई, आपण आम्हा सर्वांची प्रेरणा आहात."

"आडवे व्हा. सतरंजीवर."

जोगळेकर गोंधळून आडवे झाले. ताईंनी खूण केली तशी मी गव्हाची दहा किलोची पिशवी आणून त्यांच्या पोटावर ठेवली.

"आता भाषण करा."

दोन शब्दांतच जोगळेकर लाल झाले. मी पिशवी उचलली.

"तुमची उचलली," ताई म्हणाल्या. मग श्वास गोळा करत राहिल्या. "ज्याची फुप्फुसं ही... त्याच्या घरी... नेणार का फलक?"

जोगळेकर शाल घेऊन परत गेले.

फिजिओथेरपीचे व्यायाम ताई शिव्या देत करायच्या, पण चुकवायच्या नाहीत. महिने गेले, फरक दिसेना. एकदा म्हणाल्या, "असंच राहिलं... तर मी हे... वाया घालवलं?" त्यात टोमणा नव्हता.

वर्ष उलटल्यावर एका दुपारी आमटी द्यायला गेले, तर खुर्ची रिकामी. ताई पलंगावर सपाट पडलेल्या, डोळे मिटलेले, मास्क बाजूला. मी त्यांच्या नाकाशी बोट धरलं.

"वर्षभरानं माणूस पाठीवर झोपलाय आणि तू त्याच्या नाकात बोटं घालतेस, जरा तरी अक्कल आहे का गं तुला?"

सगळं वाक्य एका दमात बोलल्या.