पाटीवाल्यांच्या मागे आलेलं विमान

विमानतळावर त्यांना सगळे पाटीवाले म्हणत. त्यांच्या पिवळ्या जीपच्या पाठीवर ‘माझ्या मागे या’ अशी पाटी होती. उतरलेल्या विमानाच्या पुढे ही जीप चालवायची आणि त्याला त्याच्या जागेवर नेऊन उभं करायचं, एवढंच त्यांचं काम. बावीस वर्षं त्यांनी ते ताशी वीसच्या वेगाने केलं. एवढ्या काळात एकही विमान चुकलं नाही. अर्थात चुकायला फारशी सोयही नव्हती. दिवसाला दोनच विमानं यायची, एक सकाळी आणि एक दुपारी चार-दहाला. उभं करायच्या जागा तीन होत्या, पण दोन आणि तीन नंबरवर जायची कधी वेळच आली नव्हती. जीप धावपट्टीच्या टोकाशी थांबायची, विमान मागे लागलं की निघायची, पाण्याच्या टाकीपाशी डावीकडे वळायची आणि एक नंबरवर पोचायची.

ही सवय त्यांच्या मानेत मुरली होती. बाजारात ते बायकोच्या चार पावलं पुढे चालत आणि दर दहा पावलांनी मागे वळून बघत.

“मी काही हरवत नाही,” ती म्हणायची. “आणि हरवले तरी तुमच्या आधी घरी पोचेन.”

मेहुणा स्कूटरवरून आला की पाटीवाले फाटकात उभे राहून दोन्ही हातांनी त्याला पुढे, अजून थोडं पुढे, बस, असं करत. मेहुण्याला स्कूटर लावता यायला लागून तीस वर्षं झाली होती, पण तोही मुकाट्याने हात बघून थांबायचा.

मग नवीन मॅनेजरबाई आल्या. त्यांनी आठवडाभर खिडकीतून सगळं काम पाहिलं आणि पाटीवाल्यांना बोलावून घेतलं.

“काका, हे पायलट इतकी वर्षं इथे येतायत. त्यांना रस्ता पाठ आहे. मग तुम्ही पुढे कशाला?”

पाटीवाल्यांना उत्तर सुचलं नाही. हातात पडलेल्या पत्रापेक्षा या गोष्टीचा त्यांना जास्त त्रास झाला. पत्रात लिहिलं होतं, की येत्या एक तारखेपासून जीप बंद आणि पाटीवाल्यांनी बाहेर गाड्यांच्या पार्किंगमध्ये फाटकापाशी बसून बिल्ले द्यायचे. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. पत्र त्यांनी घरी कपाटात, पावसाळी कोटाच्या खिशात ठेवलं आणि बायकोला काही सांगितलं नाही.

एक तारखेला नऊ दिवस उरले असताना, मंगळवारी दुपारी पावणेतीनला, जीपमधला वायरलेस खरखरला. वर टॉवरमध्ये त्यांचा जुना दोस्त बसायचा.

“पाटीवाले, परदेशी लढाऊ विमान येतंय. समुद्रावर सराव करत होतं. काहीतरी बिघडलंय आणि इंधनही संपत आलंय. दहा मिनिटांत उतरेल.”

“चेष्टा करतोस?”

“अरे, माझा आवाज ऐक की! चेष्टा करताना माणूस असा चिरकतो का?”

तेवढ्यात टॉवरमध्ये मॅनेजरबाईंनी त्याच्याकडून वायरलेस हातात घेतला. “काका, नीट ऐका. त्याला फायर स्टेशनच्या मागे न्यायचं. तिथे पूर्वी मालाची विमानं उभी राहायची ना, तिथे. प्रवाशांच्या नजरेला पडता कामा नये. कळलं?”

“फायर स्टेशनच्या मागे,” पाटीवाल्यांनी नियमाप्रमाणे पुन्हा म्हणून दाखवलं.

विमान उतरलं ते आवाजासकट. कुंपणाच्या तारा थरथरल्या. पाटीवाल्यांनी जीप पुढे घातली आणि आरशात पाहिलं. बावीस वर्षं त्या आरशात गोल नाकाची, पोट सुटलेली प्रवासी विमानं दिसत आली होती. आता एक करडी, टोकदार, चिडलेली वस्तू अंगावर आल्यासारखी मागून येत होती. वेग वीसच्या वर जाऊ द्यायचा नाही, अंतर कमी होऊ द्यायचं नाही आणि घाबरलेलं दिसायचं नाही, या तीन गोष्टींवर त्यांनी सगळं लक्ष लावलं. लक्ष आरशात राहिलं आणि हात आपापलं काम करत राहिले. पाण्याच्या टाकीपाशी ते डावीकडे वळले.

जीपमधून उतरून त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली. विमान रेघेवर, इंचभरही इकडेतिकडे न होता थांबलं. मग पाटीवाल्यांनी मान वळवली. प्रवाशांच्या हॉलची मोठी काच तीस फुटांवर होती. काचेच्या आत चार-दहाच्या विमानाचे लोक एकदम उभे राहिले होते आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल होता.

मॅनेजरबाई धावत आल्या.

“मी तुम्हाला कुठे सांगितलं होतं?”

“फायर स्टेशनच्या मागे.”

“आणि हे काय आहे?”

“एक नंबर, मॅडम.”

विमान तिथून हलवायचं ठरलं, पण ते पुन्हा सुरूच होईना. ओढायला आणलेला दांडा त्याच्या चाकाला बसेना. पायलटला उतरवायला आणलेली प्रवाशांची शिडी विमानाला लागेना. शेवटी आगीच्या बंबावरची शिडी लावून त्याला खाली घेतलं. कोवळ्या वयाचा मुलगा होता, घामाने निथळत होता. खाणाखुणांनी त्याने पहिली चौकशी संडासाची केली. रस्ता तपासणीच्या दारातून होता. तिथल्या बाईने त्याला तीनदा दारातून आत-बाहेर केलं, कारण दर वेळी दार वाजत होतं. बाहेर त्याचं विमान क्षेपणास्त्रं लटकवून उभं होतं, पण त्याबद्दल त्या बाईच्या यादीत काही नव्हतं.

चार-दहाचं विमान आलं तेव्हा एक नंबर भरलेला होता.

“पाटीवाले, दोनवर ने,” टॉवर म्हणाला.

मागून येणाऱ्या पायलटचा आवाज आला, “हे दोन नंबर कुठंय?” अकरा वर्षं इथे येणारा माणूस होता तो. दोन नंबरवरच्या रेघा उडाल्या होत्या आणि फटींतून गुडघाभर गवत आलं होतं. पाटीवाले पुढे गेले, विमान मागोमाग आलं.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. पुढे जीप, जीपवर पाटी आणि पाटीच्या मागे लढाऊ विमान. परदेशी मेकॅनिक आले. त्यांनी विमानाभोवती कापडाचे पडदे लावले. हॉलच्या काचेला आतून जुनी वर्तमानपत्रं चिकटवण्यात आली. त्यातल्या एकावर तोच फोटो होता.

“डोकं लावलंस हं,” टॉवरवाला दोस्त डोळा मारून म्हणाला. “एक नंबर अडवून ठेवलास. आता जीप कोण बंद करतंय?”

“अरे, मी मुद्दाम नाही—”

“नाहीच मुळी. मी कुठे काय म्हटलं?”

अख्ख्या विमानतळाने हेच धरून ठेवलं होतं. मॅनेजरबाईंनीही. त्यांनी लेखी खुलासा मागितला आणि दोन साहेबांची चौकशी समिती येणार असल्याचं सांगितलं.

पाटीवाल्यांनी घरी चार कागद लिहून चारही चुरगाळले. बाहेर पाऊस लागला होता. बायको छत्रीऐवजी कोट शोधायला कपाटाशी गेली आणि पत्र घेऊन परत आली.

“हे बिल्ल्यांचं काय आहे?”

त्यांनी सांगितलं. ती खुर्ची ओढून समोर बसली.

“म्हणजे तुम्ही खरंच मुद्दाम वळवलंत?”

“नाही गं. हात वळला.”

“मग तसं लिहा.”

“तसं लिहिलं तर बावळट म्हणून फाटकावर जाईन.”

“आणि मुद्दाम लिहिलंत तर?”

“तर लबाड म्हणून जाईन.”

“लबाडी तुम्हाला झेपायची नाही,” ती म्हणाली. “पहिल्याच प्रश्नाला मागे वळून बघाल. बावळट लिहा.”

त्यांनी एक ओळ लिहिली, ‘रोजच्या सवयीने डावीकडे वळलो.’ खाली सही केली.

समितीचे दोघे साहेब एकोणतीस तारखेला आले. धाकट्या साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली, कागद उलटा करून मागे काही आहे का तेही पाहिलं.

“एवढंच?”

“एवढंच झालं, साहेब.”

“ठीक आहे. विमान जिथे न्यायला सांगितलं होतं, ती जागा दाखवा.”

पाटीवाल्यांनी जीप काढली. मागे साहेबांची मोटार, मोटारीत मॅनेजरबाई. ताशी वीस. टाकीपाशी या वेळी ते दात-ओठ खाऊन सरळ गेले. फायर स्टेशनच्या मागे मोडक्या शिड्या आणि ऑफिसातल्या जुन्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. त्यांना वळसा घालून जीप पलीकडे गेली. मागून कडाड असा आवाज झाला. पाटीवाल्यांनी वळून पाहिलं. मोटारीचं पुढचं चाक काँक्रीट फोडून निम्मं खाली गेलं होतं. खालची माती पाण्याने कधीच वाहून गेली होती.

थोरले साहेब दार उघडून जपून उतरले. भोकात वाकून पाहिलं. मग मॅनेजरबाईंकडे पाहिलं.

“ही मोटार दीड टन असेल. त्या विमानाचं वजन किती?”

मॅनेजरबाई खुर्च्यांकडे बघत राहिल्या.

“ही जागा शेवटची कोणी तपासली होती?”

ती जागा नकाशात होती, आणि सगळे नकाशावर विसंबून होते.

अहवालात पाटीवाल्यांची चूक नोंदवली गेली. ताकीदही मिळाली. पण त्याखाली असंही होतं, की मागच्या जागेची दुरुस्ती आणि तिन्ही जागांच्या रेघांची रंगरंगोटी पूर्ण होईपर्यंत जीप बंद करू नये. हॉलचं गळकं छप्पर दुरुस्त व्हायला किती वर्षं लागली होती, ते सगळ्यांनाच माहीत होतं. बायकोने हिशेब केला आणि म्हणाली, “तुमची निवृत्ती आधी होईल. रंग मागून येईल.”

अठराव्या दिवशी लढाऊ विमान दुरुस्त झालं. पाटीवाले त्याला धावपट्टीपर्यंत घेऊन गेले आणि बाजूला झाले. पायलट पोराने काचेआडून हात वर केला. मग ते गेलं, आणि कुंपणाच्या तारा बराच वेळ थरथरत राहिल्या.

चार-दहाचं विमान वेळेवर उतरलं. जीप निघाली. टाकीपाशी पाटीवाले अठरा दिवसांच्या सवयीने सरळ पुढे गेले आणि पुढच्या वळणाला वळून दोन नंबरच्या गवतात जाऊन थांबले. विमान मुकाट्याने मागे आलं. तिकडे एक नंबरवर शिडी लावून तयार उभे असलेले दोघे आधी एकमेकांकडे बघू लागले, मग शिडी ढकलत पळत सुटले.

वायरलेस खरखरला. “पाटीवाले, एक नंबर रिकामा झालाय.”

पाटीवाल्यांनी आरशात पाहिलं. मॅनेजरबाई खिडकीत उभ्या होत्या.

“माहीत आहे. मुद्दाम आणलंय,” ते म्हणाले, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा वायरलेसवर खोटं बोलले.