कुणाला भिऊन?

तुमचा कालचा खर्च कुणाच्या भीतीने झाला, सांगू शकाल? किती झाला हे विचारत नाही. कुणाला भिऊन झाला, एवढेच विचारते. प्रश्न माझा नाही. महाळुंगे पडवळला दिलेल्या माझ्या भित्र्या आत्याचा आहे.

भित्री आत्या हे नाव आम्ही घरातच पाडले होते. ती विजेला भ्यायची, सुईला भ्यायची, एसटीच्या पायरीलाही भ्यायची. उसात बिबट्या फिरू लागल्यापासून तर भर दुपारी सरपणाला जाताना थाळी बडवत जायची. बाया हसायच्या. ती म्हणायची, "हसा गं. मी कशाला भिते ते मला ठावं हाय. तुमाला तुमचं ठावं न्हाई."

आमच्या घरी मात्र भीती जीपमधून यायची. माझ्या वडिलांचे, आण्णांचे, कळंबला रस्त्याकडेला वेल्डिंगचे दुकान होते. ट्रॉल्या, गेट, खिडक्या. कामाला तोटा नव्हता. तरीही पतसंस्थेचे कर्ज थकले होते. वसुलीची पांढरी जीप गल्लीत वळली की आई आतून कडी घालायची आणि आम्ही बहिणी श्वास रोखून भिंतीला चिकटायचो. "हायेत का घरात?" बाहेरचा माणूस मुद्दाम मोठ्याने विचारायचा. सगळी गल्ली ऐकायची. मग एक दिवस नोटीस आली: हप्ते भरा, नाहीतर वेल्डिंग मशीन उचलून नेऊ. तीच नोटीस महाळुंग्यालाही गेली, कारण आत्या जामीनदार होती.

दुसऱ्या दिवशी ती एसटीने आली. पायरीवरून उतरताना तिने कंडक्टरचा हात घट्ट धरला होता. आई ओसरीवर चिंच फोडत बसली होती. आत्याने पाणीसुद्धा न पिता चिंचोक्यांचा ढीग पुढे ओढला, दोन वाडगे मांडले आणि आण्णांना म्हणाली, "बस खाली. पैसं जात्यात कुठं?"

"प्रपंच हाय आक्का. जात्यात."

"प्रपंच खातोय व्हय? एकेक खर्च सांग. अन् कुणाला भिऊन केला त्ये बी सांग."

पीठ, तेल, शाळेची फी. "ह्ये पोटाचं," म्हणत तिने खर्चागणिक एकेक चिंचोका डाव्या वाडग्यात टाकला. मग हॉटेलातला चहा निघाला. आण्णा कुठल्याही टेबलावर बसले की सगळ्यांचे बिल त्यांचेच. "राहू द्या, मी देतो," हे त्यांचे पालुपद होते.

"चार लोकांत बसतो आक्का, द्यावं लागतं. त्यात भ्यायचं काय?"

"अन् न्हाई दिलं तर?"

"म्हणतील, बुडाला."

चिंचोका उजवीकडे पडला. शेजाऱ्यांनी घेतला म्हणून हप्त्याने आणलेला रंगीत टीव्ही उजवीकडे. साडूच्या मुलीला आहेरात दिलेले कपाट उजवीकडे. जत्रेची वर्गणी आण्णांनी सगळ्यात शेवटी सांगितली. आमच्याकडे वर्गणीदारांची नावे रकमेसकट स्पीकरवर पुकारतात. आदल्या वर्षी आपले नाव खाली घसरू नये म्हणून आण्णांनी हातउसने काढून वर्गणी दिली होती.

"मोजू नको," आत्या म्हणाली, "नुसतं बघ." उजवा वाडगा काठोकाठ भरला होता. मग तिने स्वतःच एक चिंचोका उचलला. "ह्यो माझा. तुला जामीन ऱ्हायले. मनात नको व्हतं. पर भाऊ रुसंल म्हनून भ्याले अन् सही केली."

आण्णांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

मी तेव्हा ओतूरच्या कॉलेजात जात होते आणि एसटी स्टँडवर सावकारी व्याजाविरुद्ध पत्रके वाटायचे. मला हे सहन होईना. "आत्या, अगं व्याज बघ त्यांचं! लुटतायत ते!"

"लुटत्यात तर. तू त्येंच्याशी भांड, लई भांड. पर ह्यो वाडगा त्येंनी न्हाई भरला."

मी व्याजावर आजही भांडते. आणि दर वेळी तो उजवा वाडगाही डोळ्यांपुढे असतो.

त्या वर्षीच्या जत्रेला आण्णांनी अगदी थोडी वर्गणी दिली. संध्याकाळी स्पीकर सुरू झाला तेव्हा आम्ही घरात जीप आल्यासारखे गप्प बसलो होतो. नाव आले, रक्कम आली. देवळाकडून कुणीतरी ओरडले, "काय राव, वेल्डरचाच टाका निघाला की!" मग हशा. आण्णा घरी आले ते थेट आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. जत्रेला आलेल्या आत्याने विचारले, "मेलास का?"

"न्हाई."

"मंग आता पतसंस्थेत आपल्या पायानं जा."

ते गेले. तिथे बोलणी खाल्ली, पण लहान हप्ते बांधून घेतले. मशीन वाचले. टीव्ही विकला, हॉटेल सुटले, चार दोस्तही सुटले. कर्ज फिटायला कितीतरी वर्षे लागली. कर्ज निरंक झाल्याचा दाखला मिळाला तेव्हा आण्णा तो घेऊन आधी महाळुंग्याला गेले. आत्याने कागद पाहताच हात मागे घेतला. "सही तर न्हाई ना करायची?"

आत्या आता नाही. शेवटच्या आजारातही ती सुईला भ्याली, आणि तसे नर्सला सांगून भ्याली. मी अजूनही पांढरी जीप दिसली की श्वास रोखते. फरक एवढाच, की कशाला भिते ते मला कळते.

तुमच्या दारातही कुणी हाका मारत असेल, तर आज कडी घालण्याआधी एक करा. घरातल्या सगळ्यांना बसवा आणि दोन वाडगे मांडा. उजव्या वाडग्यात चिंचोका टाकताना, ज्याला भिऊन खर्च केलात त्या माणसाचे नाव मोठ्याने घ्या. ते नाव घरातल्याच कुणाचे निघाले, तरी घ्या.