पोश्याच्या घरची मूठ

सूर्यमाळच्या वरच्या पाड्यावरचा पोश्या म्हणजे स्वतःलाच उलट विचारणारा माणूस. ठाण्याला गवंड्याच्या हाताखाली राबताना त्याला ही खोड लागली. भिंत सरळ दिसते म्हटलं की मिस्त्री विचारायचा, दिसते की ओळंबा लावलास? बायको, कविता, त्याची थट्टा करायची, भाकर भाजली का तेही ओळंब्यानं बघ म्हणायची.

यंदाच्या पावसाळ्यात मात्र त्याचं विचारणं बंद पडलं. पाड्यातल्या शेळ्या पटापट मेल्या. मग पाड्यातल्याच जिवा नावाच्या गड्याचं तान्हं पोर गेलं आणि पोश्याची लेक चैती तापानं फणफणली. पाड्यात भुताळी आहे, कुणी बाई करणी करतेय, असं सावळा भगत म्हणाला. नाव कुणी घेतलं नाही, पण नजरा वळल्या टोकाच्या झोपडीत एकट्या राहणाऱ्या माघीकडे. म्हातारी घरी येऊन गेली आणि चैतीला ताप भरला, हे पोश्यानंच सगळ्यांना सांगितलं होतं.

इथं भगतानं दाणे बघायचे तर प्रत्येक घरानं आपल्या कणगीतले मूठभर तांदूळ त्याच्या सुपात टाकायचे. एक घर जरी राहिलं तरी दाणे बघत नाहीत. आणि दाण्यांत जिचं नाव निघेल, तिला पाड्यात राहू देत नाहीत.

सगळा पाडा जमला. मुठी पडत गेल्या. पोश्याची पाळी आली तेव्हा हात पुढे होईना. आपण नक्की काय पाहिलं? माघी चैतीच्या उशाशी बसली होती. हातात काय होतं? ओलं फडकं. ओलं फडकं कशाला? पोर तापली होती म्हणून. मग तिला बोलावलं कुणी? शेतातून येऊन, पोरीचं अंग चटके देतंय हे बघून, चिखलातून धावत गेला होता तो स्वतःच.



"माझी मूठ नाय पडणार," तो म्हणाला. "ताप आधी होता. माघी मागून आली. मी उलटं सांगितलं."

जिवा उठून उभा राहिला. "माझं पोर गेलं. ते पण उलटंच काय रं?"

"तुझं पोर कशानं गेलं ते मला ठाऊक नाय, जिवा. पण तुलाही ठाऊक नाय."

सावळ्यानं सुपावर फडकं टाकलं. आता पाड्यात कुणाला काही झालं तर ते पोश्याच्या माथी, एवढंच बोलून तो उठला. माणसं पोश्याला वळसा घालून पांगली.

घरी कविता धुमसत होती. चैतीला काही झालं तर लोक काय करतील, ती विचारत राहिली. पोश्यानं हाच प्रश्न स्वतःला घालून पाहिला होता. त्यानं पोरीला चादरीत गुंडाळून खांद्यावर घेतलं आणि मोखाड्याच्या दवाखान्याची वाट धरली. ओळखीची जीप मागून आली, हात केला तरी थांबली नाही.

टोकाच्या झोपडीपाशी आल्यावर, निदान सोबतीला चल म्हणावं, म्हणून त्यानं माघीला हाक मारली. चुलीचा धूर दिसत होता. दुसऱ्या हाकेला आतून कडी लावल्याचा आवाज आला.