मास्तरांच्या छातीचा कागद

सांगू की नको, असं आठ दिवस मनात घोळत होतं. पण तुम्ही आपली माणसं, चहाही उकळलाय. ऐका माझी फजिती!

श्रीरामपुरात आमच्या शेजारी दानियल मास्तर राहतात. त्यांच्याकडं विरजण आणायला गेले. (विरजणालाच हं! डोकवायला नाही.) बघते तर कॉटवर लांब कागद, त्यावर रेघ वर-खाली, वर-खाली! गेल्या साली आमच्या ह्यांचा ईसीजी काढलेला, अगदी तश्शी!

मास्तरांची लेक रूथ आतल्या खोलीत. तिनं दार किलकिलं केलं, तर तोंड पांढरंफटक.

"पोरी, ह्यो कागद…"

"मावशी, आत्ता न्हाई! माझं सगळं त्याच्यावरच हाय!"

आणखी काय कळायचं राहिलं? मास्तरांचं काळीज गेलं कामातनं, आणि पोर एकटी सोसतेय!

धावलेच. दहा मिनिटांत चर्चचे पाळकसाहेब आणि प्रार्थनेच्या सात बाया घरात! तेवढ्यात मास्तर मेथीची जुडी घेऊन दारात. पोरीला शांतता मिळावी म्हणून मुद्दाम बाहेर गेलेले, हे मला नंतर कळलं.

"मास्तर, आडवे व्हा!"

"अहो, पण का?"

"बोलू नका, दम लागंल!"

चौघींनी धरून निजवलं. मेथी तशीच छातीवर. बायांनी गाणं धरलं, आणि मी कागद घेऊन आत घुसले.

"रूथ, बाबाला आजच्या आज पुन्याला न्यायचं!"

लॅपटॉपमधून तीन साहेब माझ्याकडं टकामका बघतायत. पोरीची मुलाखत चालली होती हो! संशोधनाच्या जागेची! दोन वर्षं खपलेली बिचारी, आणि ऐन वेळी भीतीनं बोलती बंद.

"मावशी, हा ईसीजी न्हाई गं…" ती रडकुंडीला आली.

चष्मेवाले साहेब हसले. "मग काय आहे? आम्हाला राहू दे, यांनाच समजावून सांग."

आणि पोर जी सुटली! "मावशी, आभाळात लई लांब एक तपकिरी बटू हाय. ग्रहापेक्षा मोठा, पन ताऱ्यासारखं पेटायला कमी पडला. काही तासांतच सोताभोवती गिरकी घेतो. अंगावर ढग, कुठं दाट, कुठं इरळ. म्हनून त्याचा उजेड कमी-जास्त दिसतो. तीच ही रेघ!"

साहेब खूश! (तिला घेतलं त्यांनी, हे आधीच सांगून टाकते.)

"काय काकू, समजलं?"

"व्हय साहेब, समजलं की!" मी पदर सावरला. "पन एवढं वर-खाली बरं न्हाई. एकदा मोठ्या डाक्टरला दाखवा त्याला!"